वही दिसली पाहिजे: ऑनलाइन शिकवणी घ्यायची ती अशी

नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत गोदेचं पाणी चढलं की माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात, “मॅडम, आज ऑनलाइन ना?” मी इंदिरानगरला घरीच नववी-दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. पंचवटी, म्हसरूळकडून येणाऱ्या मुलांच्या आयांना पुराच्या दिवशी पूल ओलांडून पोरं पाठवायला नको वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद झाले की हाच मेसेज पुन्हा येणार. शिवाय सुरगाणा, कळवण, इगतपुरीकडची सहा मुलं वर्षभर माझ्याकडे पडद्यावरच असतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मी पहिला ऑनलाइन तास घेतला. माइक बंद ठेवून वीस मिनिटं रेषीय समीकरणं शिकवली. मुलं जोरजोरात हात हलवत होती. मला वाटलं, मजा येतेय त्यांना. तेव्हापासून जे शिकले, त्यातलं बरंचसं असं ठेचा खातच शिकले. ते ओळीने लिहून ठेवतेय. माझी उदाहरणं गणिताची आहेत, पण व्याकरण, हिशेब किंवा चित्रकला शिकवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचा लेख कोणत्या बाजूने लिहिलाय ते कळेल. ऑनलाइन वर्गात कॅमेरा वहीवर हवा. तुमचा तुमच्या कागदावर, मुलांचा त्यांच्या वहीवर. चेहरे नमस्कारापुरते पुरे.

आधी ठरवा, मीटिंगमध्ये काय करायचं नाही

घराबाहेर न पडता शिकणं नाशिकला नवं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद आहे. तिथे शिकलेल्या कुणालाही विचारा. पुस्तक घरी येतं, आपण ते आपल्या वेळेला वाचतो आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर ‘संपर्क सत्र’ असतं. वाचन घरी, अडलेलं सत्रात. ऑनलाइन मीटिंगकडे मी याच नजरेने बघते. मीटिंग म्हणजे संपर्क सत्र.

म्हणून व्याख्या लिहून देणं, सूत्रांचा तक्ता, प्रमेयाचं विधान यातलं काहीही मी मीटिंगमध्ये करत नाही. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर एका पानाचा फोटो आणि चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकते. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य मिळतं, बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. तेच पुन्हा वाचून दाखवायला चाळीस मिनिटं आणि मुलांचा डेटा कशाला घालवायचा?

मीटिंगसाठी तीनच कामं ठेवा: मुलं जिथे अडतात ते उदाहरण सोबत सोडवणं, त्यांनी सोडवलेलं बघणं, आणि शंका. हे तीन सोडून चौथं काही यादीत आलं की ते मेसेजने पाठवता येईल का, असं स्वतःला विचारा. बहुतेक वेळा येतं.

सामान

खर्चाला घाबरू नका. माझा पहिला ‘स्टुडिओ’ म्हणजे जुन्या गाइडांच्या दोन चळती, दोन लाकडी फूटपट्ट्या आणि एक फोन.

रचना अशी. टेबलावर साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर सोडून पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या चळती लावा, प्रत्येक फूटभर उंच. त्यांच्यावर दोन फूटपट्ट्या आडव्या ठेवा, मध्ये बोटभर फट ठेवून. फोन त्या पट्ट्यांवर उताणा, पडदा वर आणि मागचा कॅमेरा फटीतून खाली बघेल असा. खाली ए-फोर कागद सरकवा. कागदाची रुंदी एकवीस सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा उरते, आणि फूटभर उंचीवरून अख्खा कागद चित्रात येतो. तुमचा हात समोरून आत जातो. चित्र उलटं दिसलं तर फोन फिरवा, कागद फिरवू नका. नाहीतर तुम्हालाच उलटं लिहावं लागेल. पुढे महात्मा गांधी रोडवरून वाकवता येणाऱ्या मानेचा स्टँड तीनशे-चारशे रुपयांत आणला. आता तोच वापरते, पण वीज गेली, घर बदललं, पाहुणे आले तर गाइडांच्या चळती अजून कामाला येतात.

पेन काळा आणि जाड हवा. साधं बॉलपेन पडद्यावर दिसतच नाही. रेघा नसलेला कागद घ्या. रेघांची वही कॅमेऱ्यात गिचमीड दिसते. अक्षर बोटाच्या पेराएवढं काढायचं, म्हणजे एका पानावर सहा-सात ओळीच बसतात. आणि हे बरंच आहे. फळ्यावर आपण कोपऱ्यात कुठेतरी आकडेमोड खुपसतो, तशी इथे खुपसता येत नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि पान क्रमांक टाका. तास संपला की ती पाच-सहा पानं स्कॅन करून गटावर टाकायची. रेकॉर्डिंग कुणी परत बघत नाही, पानं बघतात.

हात कागदावरून सारखा आत-बाहेर करू नका, दर वेळी फोकस हेलकावे खातो. मनगट टेकवून ठेवा, विचार करतानासुद्धा. दिवा तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर डावीकडे, म्हणजे हाताची सावली लिहिलेल्यावर पडत नाही. चित्रात आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ॲपच्या किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० असेल तर ५० करा, पट्टे जातात.

फोनचा पुढचा कॅमेरा वापरणाऱ्यांना एक दिलासा: तुमचं अक्षर तुम्हाला आरशातल्यासारखं उलटं दिसतं, मुलांना सरळच दिसतं. मी दोन दिवस उलटं लिहायचा सराव केला होता. कुणाला सांगू नका.

आवाजासाठी तारेचा साधा इअरफोन पुरतो. फक्त त्याचा माइक ओढणीला किंवा शर्टाच्या गुंड्यांना घासू देऊ नका, पलीकडे खरखर पोहोचते. चित्र गेलं तरी तास चालतो, आवाज गेला की संपला. म्हणून पैसे घालायचेच असतील तर पहिले आवाजात घाला.

तुमच्याकडे लॅपटॉप आणि फोन दोन्ही असतील तर दोन्हींवरून मीटिंगमध्ये या. लॅपटॉपवर तुम्ही, मुलांची नावं आणि चॅट. फोन फक्त कागद दाखवायला. मात्र फोनचा माइक बंद आणि आवाज शून्यावर ठेवा. दोन उपकरणांचा आवाज एकमेकांत शिरला की लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यासारखी किंचाळी उठते. मुलांना सांगा की ‘कागद’ नावाच्या चौकटीला पिन करा, म्हणजे तीच मोठी दिसत राहते. हो, फोनला मी ‘कागद’ असंच नाव दिलंय.

नेटवर्क

साधा हिशेब. एक एमबीपीएस वेगाने तासभर व्हिडिओ चालला तर ४५० एमबी जातात. चाळीस मिनिटांचे झाले ३००. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाला हे परवडतं, पण तो पॅक संध्याकाळपर्यंत रील्समध्ये उडालेला असतो. म्हणून मी तास सकाळी साडेसातला ठेवते. डेटाही ताजा, पोरंही.

मुलांचे कॅमेरे बंद असले की त्यांचा डेटा आणि नेटवर्कवरचा ताण बराच कमी होतो. सुरगाण्याचा माझा एक विद्यार्थी घरामागच्या टेकाडावर जाऊन बसतो, कारण तिथे रेंज येते. त्याला मी “कॅमेरा सुरू कर” म्हणणं हा अन्याय आहे. कॅमेरा कधी सुरू करायचा ते पुढे सांगते.

शिकवणाऱ्याने डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग तपासावा. तुम्ही बघत नसता, दाखवत असता. वेग तपासताना तो घरातल्या ज्या खोलीत शिकवणार तिथेच तपासा. आमच्या घरी हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वीज जाण्याचा प्रश्न असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. बऱ्याच राउटरना १२ व्होल्ट लागतात, तरी आपल्या ॲडॉप्टरवर काय छापलंय ते वाचूनच घ्या.

आणि सगळंच झोपलं तर? व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये ३२ जण बसतात. पानांचे फोटो आधीच गटावर असतील तर नुसत्या आवाजावर तास पूर्ण होतो. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: मॅडम पाच मिनिटं दिसल्या नाहीत तर गटावर या.

यातूनच एक सवय लावून घ्या, लिहाल ते बोला. “एक्स वर्ग अधिक आठ एक्स वजा अठ्ठेचाळीस बरोबर शून्य. आता मधल्या पदाचे दोन तुकडे करते, अधिक बारा एक्स, वजा चार एक्स.” चित्र अडकलेल्या मुलाच्या वहीत तरीही ओळ उतरते. “हे इथून तिकडे गेलं” असं बोलू नका. टेकाडावर बसलेल्याला ‘इथून’ दिसत नसतं.

कोणतं ॲप

यावर लोक वाद घालतात, मला त्यात फार अर्थ दिसत नाही. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांची, १०० जणांपर्यंत. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं, तेही १०० जणांपर्यंत. मीट बहुतेक अँड्रॉइड फोनवर सहज चालतं, पालकांना समजवायला सोपं. झूममध्ये मोफत खात्यावरही मुलांचे छोटे गट वेगवेगळ्या खोल्यांत पाठवता येतात आणि चॅट फक्त शिक्षकापुरती ठेवता येते. या दोन सोयींसाठी मी झूम वापरते. चाळीस मिनिटांची मर्यादा मला अडचण वाटतच नाही. ती तास संपल्याची घंटा आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतही ३० ते ४५ मिनिटांचीच सत्रं सांगितली होती, नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त चार. त्यापुढे मूल नुसतं पडद्याकडे बघत बसतं.

एकच ॲप घ्या आणि वर्षभर बदलू नका. दर महिन्याला नवं ॲप आणणाऱ्या शिक्षकाचा निम्मा वर्ग नेहमी ‘लॉगिन होत नाहीये’मध्ये असतो.

लिंक, दार आणि नावं

लिंक कायमची एकच ठेवा, ठरलेल्या वारांसाठी. रोज नवी लिंक म्हणजे रोज सकाळी सात अठ्ठावीसला अकरा फोन. झूममध्ये पुन्हा पुन्हा होणारी मीटिंग असा पर्याय निवडला की झालं. मीटसाठी कॅलेंडरमध्ये नोंद करून तिची लिंक घ्या.

लिंक कायमची असली की दाराला कडी हवी. सुरुवातीच्या दिवसांत आमच्या वर्गाची लिंक कुणीतरी पुढे पाठवली, आणि भूमितीच्या तासाला एक अनोळखी गडी येऊन घाणेरडं गाणं लावून गेला. मुलं हसली, मी मात्र हादरले. तेव्हापासून वेटिंग रूम, म्हणजे मी आत घेईपर्यंत थांबायची जागा, नेहमी सुरू. एप्रिल २०२० मध्ये झूमने वेटिंग रूम आणि पासकोड आपसूक सुरू राहतील असं केलं; तरी आपल्या खात्यात ते खरंच सुरू आहे का, ते डोळ्यांनी बघा. बाकी तीन गोष्टी: स्क्रीन शेअर फक्त शिक्षकाला, पडद्यावर रेघोट्या मारण्याची सोय बंद, आणि सगळे आले की मीटिंगला कुलूप. उशिरा आलेल्याने गटावर मेसेज करायचा.

आता नावं. पहिल्या आठवड्यात माझ्या हजेरीत ‘रेडमी’, ‘आई’, ‘पप्पा नवीन नंबर’ आणि ‘ओम साई’ असे विद्यार्थी होते. वेटिंग रूममध्ये ‘आई’ उभी असेल तर ती कुणाची आई? म्हणून नियम केला: आपलं नाव आणि गाव. नसेल तर दार उघडत नाही. दोन दिवसांत सगळ्यांना नाव बदलता यायला लागलं.

रंगीत तालीम

पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंच्या फोनवरून आपल्याच मीटिंगमध्ये शिरा आणि त्यांना विचारा, “पानावरचा तिसऱ्या ओळीतला आकडा वाचा बरं.” लॅपटॉपवर छान दिसणारं अक्षर पाच-सहा इंचांच्या पडद्यावर मुंगीएवढं होतं. मुलं त्याच पडद्यावर बघणार आहेत. काकूंना वाचता आलं तर सगळ्यांना येईल.

चाळीस मिनिटं कशी घालवायची

पहिली पाच. आत येताच एक छोटं उदाहरण पानावर तयार ठेवलेलं असतं, कालच्या धड्यातलं. उत्तर चॅटमध्ये, फक्त मला दिसेल असं. हीच हजेरी. “यस मॅडम” घेत बसलं तर सोळा मुलांची चार मिनिटं जातात आणि कोण जागं आहे ते कळत नाही ते नाहीच.

उत्तरं फक्त शिक्षकालाच दिसतील असं ठेवणं फार महत्त्वाचं. सगळ्यांना दिसली की वर्गातला हुशार मुलगा सहा सेकंदांत उत्तर टाकतो आणि उरलेले पंधराजण ते उतरवून पाठवतात.

पुढची दहा मिनिटं मी एक उदाहरण सोडवते. एकच. मध्ये दोनदा थांबून पुढची ओळ काय येईल ते विचारते. इथे ऑनलाइन शिकवणारे सगळेच घाई करतात, मीही करायचे. प्रश्न विचारला, दोन सेकंद शांतता, की आपणच उत्तर देऊन टाकतो. पण पलीकडच्या मुलाला माइकचं बटण शोधायचं असतं, घरात कुणी बोलत असेल तर त्याला गप्प करायचं असतं, आवाजही थोडा उशिरा पोहोचतो. मनात दहापर्यंत मोजा. जड जातं, मोजा. मी कागदाच्या कडेला पेन्सिलने टिंब काढत बसते, म्हणजे तोंड बंद राहतं.

“समजलं का?” हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर “हो मॅडम” हेच असतं. त्याऐवजी “पुढची ओळ लिहा” म्हणा.

मग पंधरा मिनिटं मुलांची. सगळे माइक बंद, मी एक उदाहरण देते आणि गप्प बसते. नवख्या शिक्षकाला ही शांतता खटकते. फी घेतलीय आणि काहीच बोलत नाही असं वाटतं. एका आईने मला फोन करून विचारलंही होतं, “मॅडम, आवाज येत नव्हता का आज?” तिला सांगितलं, “ताई, आवाज येत नव्हता तेव्हाच तुमचा मुलगा गणित करत होता.” याच वेळात मी एकेकाला नावाने बोलावते, “कॅमेरा सुरू कर आणि वहीवर धर.” तीस सेकंद, बास. टेकाडावरच्या मुलासकट सगळ्यांना तेवढं जमतं. त्याला तेवढंही जमलं नाही तर तो फोटो पाठवतो.

शेवटची दहा मिनिटं शंकांना. एखादा मुलगा बोलायला लाजतो, तो चॅटमध्ये लिहितो. मराठीत टाइप करता येत नसेल तर रोमन लिपीत लिहू दे, त्यावरून टोकू नका.

वहीच्या फोटोत काय दिसतं

खरं शिकवणं मला इथे सापडलं. म्हणून जरा सविस्तर.

वर लिहिलेलंच वर्गसमीकरण मी एकदा वर्गाला दिलं होतं. चॅटमध्ये उत्तरं आली: चार आणि वजा बारा. बरोबर. कळवणच्या एका मुलाचंही बरोबर. नुसती चॅट बघितली असती तर मी त्याला शाबासकी देऊन पुढे गेले असते. पण त्याने वहीचा फोटो पाठवला. पहिली ओळ ठीक, मधल्या पदाचे तुकडे ठीक. तिसऱ्या ओळीत पहिल्या दोन पदांतून एक्स बाहेर काढला, कंसात एक्स अधिक बारा. पुढच्या दोन पदांतून वजा चार बाहेर काढले, आणि कंसात लिहिलं एक्स वजा बारा. आणि चौथ्या ओळीत, काहीच घडलं नाही अशा थाटात, एक्स अधिक बारा, एक्स वजा चार. दोन कंस सारखे यायला हवेत हे त्याला पाठ होतं. ते आले नाहीत तरी त्याने ते आल्यासारखं पुढे लिहून टाकलं.

बीजगणिताचा बोर्डाचा पेपर ४० गुणांचा, आणि गुण पायऱ्यांना असतात. पण मला गुणांपेक्षा दुसरीच काळजी. त्याला वजा बाहेर काढणं कळलंच नव्हतं. त्याला माइक सुरू करायला सांगितलं. म्हटलं, “तो वजा चार परत आत गुणून दाखव.” बराच वेळ काही नाही. मागे कोंबडा आरवला. मग त्याचा आवाज, “वजा चार एक्स... वजा चार गुणिले वजा बारा... अधिक अठ्ठेचाळीस.” थांबला. “पण मॅडम, वर तर वजा आहे.” मी काहीच बोलले नाही. “म्हणजे कंसात अधिक पाहिजे!”

फोटोसाठी नियम: पान सपाट, वरून काढलेला, उजेडात, कोपऱ्यात नाव आणि उदाहरणाचा क्रमांक. खाडाखोड तशीच ठेवायची, कोरं पान करून पाठवायचं नाही. गटावर न टाकता थेट माझ्या नंबरवर. मी फोटोवरच लाल रंगाने चुकलेल्या ओळीला गोल करते आणि परत पाठवते. बरोबर उत्तर लिहीत नाही. सोळा वह्यांना साधारण अर्धा तास लागतो. तो अर्धा तास फीमध्ये धरा, नंतर कुरकुर नको.

भूमितीत तर फोटोवाचून चालतच नाही. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना कंपास सैल असेल तर कंस जुळत नाहीत, आणि मुलगा म्हणतो “मॅडम, रीत चुकली.” फोटोत एकाच कंसाच्या दोन रेघा दिसल्या की समजायचं, रीत बरोबर आहे, स्क्रू घट्ट कर.

घरच्यांशी बोलून ठेवायचं ते

मुलाला बसायला भिंतीकडे पाठ करून जागा द्या, म्हणजे कॅमेरा सुरू झाला तर मागे घर दिसत नाही. फोन हातात नको, पुस्तकांना टेकवून. जेवताना, आडवं पडून तास नाही. उत्तरं आईने कानात सांगायची नाहीत. ती मला ऐकू येतात.

फोटो आणि रेकॉर्डिंगबाबत आधी स्पष्ट बोला. मुलांचे चेहरे असलेलं रेकॉर्डिंग मी करतच नाही, आणि तासाचे स्क्रीनशॉट जाहिरातीत वापरणाऱ्या क्लासवाल्यांचं मला नवल वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं.

डोळ्यांसाठी: तासाच्या मध्ये एकदा सगळ्यांना वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघायला सांगते. सिन्नरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, समोर भिंत आहे, काय करू?” दारात जा म्हटलं.

अर्धे घरात, अर्धे पडद्यावर

हा प्रकार सगळ्यात अवघड, आणि पावसाळ्यात हाच जास्त घडतो. पाच मुलं माझ्यासमोर बसलेली, अकरा पडद्यावर. समोरच्याने शंका विचारली की पडद्यावरच्यांना फक्त पुटपुट ऐकू येते. उपाय एकच सापडलाय: समोरच्याने विचारलेलं मी मोठ्याने पुन्हा सांगते, मग उत्तर देते. आणि फळा वापरत नाही. समोरच्या पाचजणांनाही कागदच, शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपवर. फळ्याकडे वळले की पडद्यावरचे अकरा माझ्या पाठीशी शिकतात. समोरच्या मुलांनी आपापल्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये यायचं नाही, परत तो कर्णा.

बंद करताना

शेवटची पायरी क्षुल्लक वाटेल. तास संपला की नुसतं बाहेर पडू नका. ‘सर्वांसाठी संपवा’ हा पर्याय निवडा. ॲप विचारतं, आपण घाईत दुसरंच बटण दाबतो. मी एकदा तास लवकर आटोपून तशीच बाहेर पडले आणि पोहे टाकायला गेले. थोड्या वेळाने परत आले तर ‘कागद’ नावाचा फोन पट्ट्यांवर तसाच, कॅमेरा सुरू. वर्ग अजून भरलेला, आणि अंताक्षरी रंगात आलेली. मी कागद उचलायला हात घातला, तसा कुणीतरी ओरडलं, “मॅडमचा हात! मॅडमचा हात!” आणि एका सेकंदात सगळ्या चौकटी रिकाम्या.